दाभणबाई कोणाची

विजू,

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते मजुरीच्या कागदावर सही करण्यापुरतंच. यात चुका असतील, त्या माफ कर. तू असतीस तर वाचता वाचता सुधारल्या असत्यास आणि म्हणाली असतीस, "कमल, तू बोलते तसंच लिहीत जा वं." तसंच लिहिते आहे. हे कोणाला दाखवायचं नाही. तुलाही दाखवता येणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला.

तू गेलीस त्याला महिना व्हायचा आहे. गोदामात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि मीही मान हलवते. खोटी हलवत नाही. तू चांगली होतीस. पण माझ्याशी जे केलंस ते चांगलं नव्हतं, आणि हे बोलायला तू समोर असताना माझं तोंड उघडलं नाही. आता तू नाहीस तर रोज भांडते तुझ्याशी. भाकरी करताना भांडते, वाडीच्या नाक्यावर ऑटोची वाट पाहताना भांडते. तू काही उत्तर देत नाहीस. तेही मला लबाडीचं वाटतं.

पहिली दोन वर्षं मी तुला मॅडम म्हणत होते. तू वर ऑफिसात बसून बिल्ट्या करायचीस, कोणत्या ट्रकमध्ये कोणाचा किती माल. मी आणि सुमन खाली गोदामात फुटलेली पोती शिवायचो. एका मे महिन्यात तुमचा वरचा कूलर बंद पडला आणि तू डबा घेऊन खाली आलीस. मोठ्या दाराजवळ बसलीस. मोबाईलमध्ये काहीतरी वाचून एकटीच हसत होतीस.

सुमन म्हणाली, "काय मॅडम, कोणाचा मेसेज आला एवढा?"

"मेसेज नाही वं, गोष्ट आहे," तू म्हणालीस आणि मोठ्याने वाचून दाखवलीस. उन्हाळे मास्तर नावाचा एक माणूस. शाळेत शिकवायचा. मे महिन्याचं सगळं ऊन तो अंगात ओढून घ्यायचा, त्याच्या वर्गात पोरं स्वेटर घालून बसायची. पण ओढलेलं ऊन कुठे तरी ओतावं लागायचं, म्हणून बिचारा गावाबाहेर जाऊन वीटभट्टीत ओतून यायचा.

"त्याले आमच्या गोदामात पाठवा नं दोन दिवस," सुमन म्हणाली. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मग तू सांगितलंस की सातनाका नावाचं एक शहर आहे. खरं नाही, पण नागपूरसारखंच दिसतं. त्याला सात नाके, आणि प्रत्येक नाक्यावर एक-दोन सुपरहिरो. एकच माणूस ते लिहीत नाही. वीसेक जण लिहितात. कोणी बँकेत आहे, कोणी कॉलेजात, कोणी शाळेत शिकवते. शहर सगळ्यांचं, पण हिरो ज्याचा त्याचा. ज्याने हिरो काढला तो त्याचा पालक. दुसऱ्याला तो हिरो आपल्या गोष्टीत घ्यायचा असेल तर पालकाला विचारावं लागते. त्याचं लग्न लावायचं, त्याला मारायचं, हे पालकच ठरवणार. दर शनिवारी ग्रुपवर नवीन गोष्ट येते आणि शेकडो लोक वाचतात. मला हे फार आवडलं होतं. एवढे लोक मिळून एक गाव सांभाळतात आणि कोणी कोणाच्या घरात न विचारता घुसत नाही, असं मला वाटलं.

कूलर दुरुस्त झाला तरी तू खालीच डबा खायला लागलीस.

मी कोणासमोर बोलत नाही हे तुला माहीत होतं. नवऱ्याकडच्या लग्नातही मी मागच्या खोलीत बसते. पण पोतं शिवताना बोलता येतं, कारण वर पाहावं लागत नाही. असंच एकदा शिवताना मी म्हटलं, "तुमच्या त्या गावात शिवणारी कोणी नाही का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एवढे मारामारी करतात, पूल पाडतात, रस्ते फोडतात. मग ते नीट कोण करते?"

तू डबा खाली ठेवलास. मला आठवतं, कारण तुझ्या डब्यातली भेंडी सांडली होती. "तूच सांग," म्हणालीस.

मग मी सांगितलं. तिच्या हातात दाभण, खांद्यावर सुतळीचं बंडल. रस्ता फाटला तर रस्ता शिवते, धरणाची भिंत फाटली तर भिंत शिवते. आभाळही एकदा शिवलं, पण तिथे सुतळी कमी पडली म्हणून थोडं गळते. फक्त एक आहे. कोणीतरी दोन्ही काठ धरून ठेवल्याशिवाय तिचा टाका बसत नाही.

"काहून?" तू विचारलंस.

"काहून म्हणजे? पोतं कधी एकटीनं शिवून होते का? सुमन धरते तेव्हा मी शिवते. मी धरते तेव्हा सुमन."

तू दुसऱ्या दिवशी गोष्ट लिहूनच आणलीस. दाभणबाई हे नाव तू ठेवलंस, ते तुझं. वाक्यंही तुझी. मला तशी वाक्यं येत नाहीत. तू वाचत होतीस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पालक म्हणून दोघींची नावं टाकू, असं तू म्हणालीस आणि मी घाबरून म्हटलं, "माझं नको बाप्पा, आत्ताच नको."

"बरं, आत्ता माझं टाकते. तू म्हणशील तेव्हा तुझं जोडू."

हे तुझे शब्द आहेत. यात मी एक काना-मात्राही वाढवलेली नाही.

दाभणबाई लोकांना किती आवडली! खरं सांगू, तिच्यापेक्षा तो धरणारा जास्त आवडला. प्रत्येक गोष्टीत कोणी तरी साधा माणूस येऊन काठ धरायचा. कधी भाजीवाला, कधी परीक्षेत नापास झालेला पोरगा, कधी रागावून घर सोडलेली सासू. वाचणारे लोक तुला लिहायचे, ताई, मला धरणारा करा ना. माझ्या बाबांना करा, ते रिटायर झाले, त्यांना करमत नाही. तू ते मला वाचून दाखवायचीस आणि आपण दोघी ठरवायचो की या शनिवारी कोणाला धरू द्यायचं. रिटायर बाबांना धरणाची भिंत आपणच दिली होती. त्या दिवसांमध्ये मी तुला मॅडमऐवजी विजू म्हणायला लागले. तूच म्हणायला लावलंस.

वर्षाने सगळ्या गोष्टींची पुस्तिका छापायची ठरली. मी तीन दिवस मनात घोकलं आणि चौथ्या दिवशी म्हटलं, "विजू, आता माझं नाव टाकलं तरी चालते."

तू बिल्टीतून मान वर न काढता म्हणालीस, "अगं, ते तं छापायले गेलं. पुढच्या वेळी पाहू."

पुढच्या वेळी मी पुन्हा विचारलं नाही. तू पाहिलं नाहीस.

मग ती कॉलेजची पोरं गोदाम पाहायला आली. ऋतुजा नावाची पोरगी होती, तिच्या टी-शर्टवर दाभणबाईचं चित्र. तिने तुला विचारलं, "ताई, हे सुचलं कसं?" मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. तू म्हणालीस, "एकदा वरच्या खिडकीतून खाली पाहिलं, आणि दिसली." मी चहा दिला. त्या पोरीला दाभण हातात धरून फोटो काढायचा होता. तिने माझ्या हातातलं घेतलं आणि म्हणाली, "मावशी, जरा बाजूले व्हाल?" मी बाजूला झाले. तू हे पाहिलंस, विजू. मी तुझ्याकडे पाहत होते तेव्हा तू कप मोजत होतीस.

त्या दिवाळीत माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं निघालं. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळेना. तू तीस हजार रुपये घेऊन आलीस. जिन्यावर माझ्याशेजारी बसलीस. तर्री-पोहे आणले होतेस कागदात, मला जबरदस्तीने खायला लावलेस. "घे. सावकाश दे. महिन्याले दीड हजार दिले तरी जमते," म्हणालीस. मी तुझ्या पायांवर वाकले आणि तू मला वर उचललंस. माझा नवरा आज कामावर जातो. रात्री जेवताना तो ताटात मीठ मागतो तेव्हाही मला तुझी आठवण येते. हे मी विसरले तर माझ्यासारखी बेइमान मीच.

पण त्या दिवसापासून मी मुकी झाले. दाभणबाईत तू काय करतेस हे विचारायचा माझा हक्क गेला असं मला वाटलं. ज्या बाईने नवरा वाचवला तिला नाव मागू कसं? तू खाली येणं कमी केलंस. शनिवारी कोणी धरायचं हे तू एकटीच ठरवायला लागलीस. मी मोबाईलवर एक एक अक्षर लावून वाचायची, एक गोष्ट संपवायला मला दोन-तीन दिवस लागायचे. मग मधल्या कितीतरी राहूनच गेल्या.

आपलं शेवटचं भांडण. त्याला भांडण तरी कसं म्हणू, दोन वाक्यं झाली. उड्डाणपुलाची गोष्ट मी वाचली होती. त्यात दाभणबाई पूल एकटीनेच शिवते. धरणारा कोणी नाहीच. मी तुला गेटवर गाठलं. महिन्याचा हप्ता द्यायचा होता, नोटा हातात होत्या.

"विजू, हिनं एकटीनं कसं शिवलं?"

"लोकायले एकटी लढणारी बाई आवडते वं. दरवेळी कोणीतरी धरून बसलं तं तिची किंमत कमी होते."

"मग ते दाभणबाई नाही."

तू हसलीस. चिडली नव्हतीस, हसलीस. "पालक मी आहो की तू?"

मी नोटा पुढे केल्या. तू घेतल्या, पर्समध्ये टाकल्या आणि बस आली म्हणून पळत गेलीस. त्यानंतर तुला ताप आला आणि मग तू आलीच नाहीस. म्हणजे मी तुला शेवटचं दिलं ते दीड हजार रुपये, आणि तू मला शेवटचं दिलंस ते हे वाक्य.

ग्रुपचा मुख्य तो निखिल, त्याने महालातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा ठेवली होती. मी सहसा अशा ठिकाणी जात नाही. पण उन्हाळे मास्तर लिहिणारे बँकवाले साहेब वारले तेव्हा काय झालं ते तूच रडत सांगितलं होतंस. पालक गेला की त्याचा हिरो बंद करतात. एक जण निरोपाची गोष्ट वाचतो, मग सगळे उभे राहतात आणि त्या दिवसापासून तो हिरो कोणी लिहायचा नाही. मानाची गोष्ट म्हणून करतात. मास्तरांना तुम्ही जबलपूरच्या रस्त्याने चालत पाठवलं होतं. मला कळलं होतं की रविवारी हे लोक दाभणबाईला बंद करतील. म्हणून गेले. तुझ्यासाठी गेले असं म्हटलं तर खोटं होईल.

हॉल भरला होता. तुझी आई पुढे बसली होती. अर्ध्या पोरांच्या खांद्यावर सुतळी होती. निखिलने भाषण केलं. म्हणाला, "विजयाताईंचं मन केवढं मोठं होतं ते सांगतो. मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीनं दाभणबाईचे तीस हजार दिले होते. मागच्याच्या मागच्या दिवाळीत. ताईंनी त्यातला एक रुपया ठेवला नाही. ऑफिसातल्या एका गरीब बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, तिले देऊन टाकले सगळे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या माणसाने डोळे पुसले. आणि मी, ती गरीब बाई, तिथे बसून समजून घेत होते. ते पैसे दाभणबाईचे होते. तू मला माझ्याच दाभणबाईचे पैसे उसने दिलेस, मी तुझ्या पाया पडले, आणि मग तू दर महिन्याला ते माझ्याकडून परत घेतलेस. बाहेर सांगितलंस की दान केले.

मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही. म्हटलं, "दाभणबाईले बंद नका करू. ते विजूची नाही. ते माझी आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ऋतुजाने मला ओळखलं. "चहावाल्या मावशी ना? मावशी, तुमची म्हणजे?"

"मी सांगितली होती तिले."

पोरगी वाईट नव्हती, आवाज गोड होता तिचा. "मावशी, दाभणबाईचं माहेर कोणतं?"

"तिले माहेर नाही."

"चौथा नाका," मागून दोघं-तिघं एकदम म्हणाले. यांचं असंच असते ना, हिरोबद्दल एकमेकांना सवाल टाकायचे. तूच सांगायचीस.

"बरं, तिच्या मुलीचं नाव काय?"

"मुलगी?" मी म्हटलं. "तिले मुलगी कधी झाली?"

कोणीतरी हसलं. हसणाऱ्याला दुसऱ्याने गप्प केलं. निखिल खाली उतरून आला, माझा हात धरून मला बसवलं. "ताईंचा ऑफिसातल्या बायकांवर फार जीव होता. मावशीले धक्का बसला आहे. पाणी द्या गा कोणी."

तिला मुलगी झाली आणि तू मला सांगितलंही नाहीस, विजू. पैशापेक्षा मला हे लागलं. पैशाचं मी तिथे बोललेच नाही. तुझ्या फोटोला हार घातला होता, तुझी आई समोर होती. आणि बोलले असते तरी कोणी ऐकलं असतं? मी तर परीक्षेत नापास झाले होते.

निरोपाची गोष्ट ऋतुजाने वाचली. दाभणबाई स्वतःला आभाळाच्या त्या गळक्या जागी शिवून घेते आणि पुन्हा दिसत नाही. एकटीच शिवते. मग सगळे उभे राहिले. मीही राहिले.

सोमवारी सुमनने विचारलं, "काय केलं वं काल तिथं?"

"दाभणबाईले बंद केलं. तिले मुलगीही झाली होती म्हणे. आता ती नाही."

"नाही म्हणजे? आपल्याले कोणी विचारलं?" सुमनने पोत्याचे काठ ओढून धरले. "तू सांग पुढचं. मुलगी झाली म्हणते नं, मग तिचं काय?"

मी वर न पाहता सांगायला लागले. मुलीला कोणाकडे ठेवलं, आभाळातून खाली कशी आली, काठ कोणी धरले. पलीकडच्या थप्पीवरच्या बायकाही येऊन बसल्या. मुलीचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनाच विचारलं. अर्धा डबा होईपर्यंत त्या नावावरून भांडल्या. मला त्या वेळी तुझी फार आठवण आली. तू असतीस तर हे लगेच लिहून काढलं असतंस. आणि खाली तुझं नाव टाकलं असतंस.

तुझे तीन हप्ते राहिले होते. पगारात बसेनात म्हणून बाकीचे भिशीतून उचलले. पैशाचं सगळं सुमनला सांगितलं होतं, ती माझ्यावर ओरडली, "वेडी झाली का वं? तुह्येच पैसे नं ते? मेलेल्या बाईले कायचे फेडते?"

तिला मी समजावू शकले नाही. तुला सांगते. एक हप्ता जरी बाकी राहिला तरी लोक म्हणतात तेच खरं राहील, तू दिले आणि मी घेतले. सगळे फिटले तरच ते उसने होतील.

काल महालात तुझ्या घरी गेले. तुझ्या आईने, काकूंनी, ओळखलं. पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी साडेचार हजार त्यांच्यापुढे ठेवले.

"हे कायचे?"

"विजूचे."

"त्या ऑपरेशनचे? अवं, ते तं तिनं तुले तसेच दिले होते. मले सांगितलं होतं तिनं." त्यांनी नोटा माझ्याकडे सरकवल्या. "पोरीनं दिलेलं मी परत घेऊ का? ठेव."

तुझी आई आहे ती, विजू. म्हातारी आहे, पोरगी जाऊन महिनाही झालेला नाही. गप्प बसावं असं मला वाटलं. आयुष्यभर तेच करत आले.

"नाही काकू," मी म्हटलं. "तसेच नव्हते. उसने होते. बाकीचे मी दर महिन्याले देत आली. हे शेवटचे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग नोटा ओढून घेतल्या, बोट ओलं करून एक एक मोजली, आणि म्हणाल्या, "बरोबर आहेत. फिटले."